भेटीचाही परवाना

सोयरीक जमविण्यापूर्वी स्थळाचे घर पाहून यावे, हा आपल्याकडील जुना रिवाज आहे. माणसे कशी आहेत, घरात बोलणेचालणे कसे आहे, चार दिवस तेथे आपला जीव रमेल की नाही, हे पाहिल्याखेरीज शहाणी माणसे पुढचे पाऊल टाकत नाहीत. ज्यांचे लग्न आधीच झाले आहे आणि कामाधंद्यामुळे ज्यांना दोन ठिकाणी राहावे लागते, अशी माणसेही वर्षातून एकदोनदा एकमेकांकडे जाऊन येतात. यात कोणास वावगे वाटत नाही. उलट न गेल्यास चर्चा होते. परंतु दोघांची पारपत्रे दोन देशांची असली, की याच साध्या गोष्टीला दुसऱ्या देशाच्या सरकारची परवानगी लागते. त्या परवानगीला पर्यटक व्हिसा असे म्हणतात. नाव पर्यटनाचे असले तरी किल्ले आणि संग्रहालये पाहणे हा अशा अर्जदाराचा हेतू नसतो. त्याला एका माणसाला भेटावयाचे असते. नेमकी हीच गोष्ट त्याच्या अर्जाला घातक ठरते, आणि म्हणूनच हा विषय केवळ परराष्ट्र खात्याच्या कारकुनीचा न राहता नागरिकांच्या हक्कांचा बनतो.

हा प्रश्न मूठभर सुखवस्तू लोकांचा आहे, असे म्हणून तो बाजूला सारण्याची प्रवृत्ती पुरोगामी वर्तुळांतही आढळते. एके काळी त्यात तथ्य होते. आज नाही. मुंबईतील अमेरिकन वाणिज्य दूतावास २०११ पर्यंत ब्रीच कँडीच्या लिंकन हाऊसमध्ये होता आणि तेथे भल्या पहाटेपासून रांग लागत असे. पुढे कचेरी वांद्रे-कुर्ला संकुलात गेली. रांगेची जागा बदलली. रांगेतल्या माणसाची अवस्था बदलली नाही. बदलले ते एवढेच, की रांगेत आता तालुक्याच्या गावची माणसेही दिसतात. शिक्षणासाठी, परिचारिकेच्या नोकरीसाठी, जहाजावरील कामासाठी किंवा संगणकाच्या धंद्यात बाहेर पडलेल्या मराठी मुलामुलींनी परदेशी जोडीदार निवडला, ही आता केवळ मलबार हिलवरची बातमी राहिलेली नाही. अशा जोडप्यांपैकी फारच थोड्यांच्या घरी कारखाने आहेत. बहुतेकांच्या घरी पगार आहे, कर्ज आहे, आणि रजेचे मोजके दिवस आहेत.

कायदा या माणसांकडे कोणत्या नजरेने पाहतो, हे समजून घेतले पाहिजे. अमेरिकेच्या १९५२ च्या इमिग्रेशन कायद्यातील कलम २१४ (ब) असे सांगते की, भेटीसाठी येऊ इच्छिणारा प्रत्येक परदेशी माणूस कायमचा राहण्याच्या इराद्यानेच येत आहे, असे गृहीत धरावे. तसा इरादा नाही हे अर्जदाराने अधिकाऱ्याचे समाधान होईल अशा रीतीने दाखवून द्यावयाचे. ब्रिटनच्या नियमांत 'खरा पाहुणा' अशी कसोटी आहे. युरोपातील शेंगेन देशांच्या २००९ च्या व्हिसा संहितेनुसार, मुदत संपण्यापूर्वी परत जाण्याच्या इराद्याविषयी वाजवी शंका आली तर अर्ज नाकारता येतो. शब्द वेगळे, आशय एक. फौजदारी न्यायालयात आरोपी दोषी असल्याचे सरकारला सिद्ध करावे लागते. येथे सिद्ध करण्याचा भार सगळा अर्जदाराच्या माथी. आणि त्याला सिद्ध करावयाचे आहे ते काय? पूर्वी केलेले कृत्य नव्हे, तर पुढे आपण काय करणार नाही ते. असा पुरावा जगातील कोणता माणूस देऊ शकेल?

पर्यटनासाठी निघालेल्या सामान्य प्रवाशाची यातून कशीबशी सुटका होते. ज्याचा जोडीदार त्या देशात आहे, त्याच्याभोवती मात्र फास आवळला जातो. अधिकाऱ्याचा तर्क सरळ असतो. ज्या देशात तुमचे प्रेमाचे माणूस आहे तेथे राहण्याचा मोह तुम्हांला सर्वांत जास्त. म्हणजे तुम्ही परत जाण्याची शक्यता सर्वांत कमी. अशा रीतीने भेटीचे जे सर्वांत प्रामाणिक कारण, तेच नकाराचे सर्वांत भक्कम कारण होऊन बसते. बरे, नाते सांगितलेच नाही तर? तर ती फसवणूक ठरते. खोटी माहिती दिल्याचे आढळल्यास अमेरिकेचे दार जवळजवळ जन्मभरासाठी बंद होते; ब्रिटनमध्ये दहा वर्षांची बंदी येऊ शकते. खरे बोलावे तर संशय, लपवावे तर गुन्हा. इकडे आड, तिकडे विहीर. कायद्याने नागरिकाला अशा जागी उभे करावे की सत्य बोलणे त्याच्या हिताचे राहू नये, यापरते कायद्याचे अपयश कोणते?

मग हा इरादा तपासतात तरी कशावरून? मुलाखत अवघ्या काही मिनिटांची. तेवढ्यात माणसाचे मन कळत नाही. कळते ते त्याचे खाते. बँकेचे उतारे, पगारपत्रके, प्राप्तिकराची विवरणपत्रे, रजेचा दाखला, घराची कागदपत्रे, शेती असेल तर सातबारा. या सगळ्यातून एकच प्रश्न विचारला जात असतो: परत येण्यासारखे तुमच्याकडे काय आहे? आई आहे, गाव आहे, चळवळ आहे, भाषा आहे, ही उत्तरे त्या मेजावर चालत नाहीत. मालमत्ता हे एकच चलन तेथे चालते. ज्याच्या नावावर सदनिका आहे तो प्रामाणिक. जो भाड्याच्या खोलीत राहतो तो संशयित. कायम नोकरीतील अधिकारी विश्वासू; कंत्राटी कामगार लबाड. सातबाऱ्यावर बापाचे आणि भावाचे नाव आहे, पण बहिणीचे चढलेले नाही, म्हणून ती दुप्पट संशयित. म्हणजे या पद्धतीत इरादा कोणी तपासत नाही. वर्ग तपासला जातो, आणि त्याला इराद्याचे नाव दिले जाते.

या तपासणीचे शुल्कही अर्जदाराकडूनच घेतले जाते. अमेरिकेच्या भेट व्हिसाचे शुल्क जून २०२३ पासून १८५ डॉलर, म्हणजे पंधरा हजार रुपयांहून अधिक झाले. त्यावर आणखी २५० डॉलर आकारण्याची तरतूद करणारा कायदा जुलै २०२५ मध्ये झाला. शेंगेन व्हिसाचे शुल्क जून २०२४ मध्ये ८० युरोंवरून ९० युरो झाले, आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा वेगळा. ब्रिटनने एप्रिल २०२५ पासून सहा महिन्यांच्या व्हिसाला १२७ पौंड आकारले. अर्ज नाकारला तरी शुल्क परत मिळत नाही. शेतमजुराच्या कित्येक आठवड्यांच्या मजुरीएवढी रक्कम भरून माणूस एक 'नाही' विकत घेऊन घरी येतो.

ब्रिटनने २०१३ मध्ये तर भारत, पाकिस्तान, नायजेरिया इत्यादी देशांतील काही पाहुण्यांकडून ३,००० पौंडांचा जामीन घेण्याची योजना आखली होती. बोभाटा झाल्यावर त्याच वर्षी ती सोडून देण्यात आली. योजना गेली, पण पाहुण्याची किंमत पैशांत ठरविण्याची वृत्ती गेली नाही. परदेशी पती वा पत्नीला कायमचे राहण्यासाठी बोलवावयाचे, तर ब्रिटिश नागरिकाचे वार्षिक उत्पन्न किमान १८,६०० पौंड असावे, अशी अट २०१२ मध्ये आली. एप्रिल २०२४ मध्ये ती २९,००० पौंडांवर नेण्यात आली. संयुक्त अरब अमिरातीत कुटुंबाला निवासासाठी बोलविण्याकरिता महिना ४,००० दिरहम, अथवा ३,००० दिरहम आणि राहण्याची जागा, अशी मर्यादा २०१९ मध्ये ठरली. कोकणातून आखातात गेलेल्या आणि कामगार छावणीत राहणाऱ्या माणसाला हा हिशेब कोणी समजावून सांगावयास नको. सहवासाच्या हक्काला उत्पन्नाची पायरी लावली, की खालच्या पायरीवरच्या जोडप्याला राहता राहते ती केवळ भेट. आणि भेटीसाठी अर्ज करावा, तर अधिकारी म्हणतो: तुम्ही उत्पन्नाच्या अटीत बसत नाही, तेव्हा भेटीच्या निमित्ताने येऊन राहून जाल. एक दार बंद आहे, हेच दुसरे दार बंद करण्याचे कारण होते.

ही व्यवस्था सनातन नाही, हे कार्यकर्त्यांनी ध्यानी घ्यावे. पहिल्या महायुद्धापूर्वी युरोपातील बऱ्याच देशांत पारपत्रावाचून प्रवास करता येत असे. युद्धकाळात बसविलेला पहारा तात्पुरता मानला जात होता. १९२० मध्ये राष्ट्रसंघाच्या विद्यमाने पॅरिसला भरलेल्या परिषदेने ही बंधने कालांतराने उठावीत अशीच अपेक्षा धरली होती. त्याच वर्षी हिंदुस्थानातही पारपत्र कायदा झाला. तात्पुरता पहारा कायम झाला तो अशा रीतीने. परंतु गोऱ्या वसाहतींनी रंगीत माणसांसाठी तो त्याआधीच बसविला होता. १९०८ मध्ये कॅनडाने 'सलग प्रवासा'चा नियम केला: जन्मदेशातून थेट, मध्ये न थांबता येणाऱ्यालाच प्रवेश. भारतातून थेट जहाजसेवा उपलब्धच नव्हती! परिणाम असा झाला की, लाकडाच्या गिरण्यांत राबणारे पंजाबी कामगार तेथे राहिले आणि त्यांच्या बायका वर्षानुवर्षे इकडे राहिल्या. मजुराचे हात हवेत, त्याचा संसार नको, हे भांडवलशाहीचे धोरण तेव्हापासून फारसे बदललेले नाही.

संशयाला एकदा कायद्याची गादी मिळाली, की तो कोणत्या थराला जातो, याचे उदाहरण १९७९ च्या प्रारंभी हीथ्रो विमानतळावर दिसले. विवाहासाठी ब्रिटनमध्ये आलेल्या एका भारतीय शिक्षिकेची तेथे 'कौमार्य चाचणी' करण्यात आली. कारण काय, तर वाग्दत्त वधूला आधी परवाना काढावा लागत नसे आणि विवाहितेला लागत असे. ही स्त्री विवाहित असून अविवाहित असल्याचे भासवीत आहे काय, हे पाहण्यासाठी तिच्या शरीराचीच कागदासारखी तपासणी केली गेली. भारत सरकारने निषेध नोंदविला, गदारोळ झाला, चाचण्या थांबविण्यात आल्या. तथापि ज्या गृहीतकातून ही विटंबना झाली ते गृहीतक शाबूत राहिले. लगेच १९८० मध्ये 'प्रमुख हेतू'चा नियम आला. विवाहाचा प्रमुख हेतू ब्रिटनमध्ये स्थायिक होणे हा नाही, हे परदेशी पतीने सिद्ध करावयाचे. वडीलधाऱ्यांनी ठरविलेली लग्ने यात विशेषकरून भरडली गेली. हा नियम रद्द व्हावयास १९९७ साल उजाडावे लागले. मध्यंतरी १९८५ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने निर्णय दिला की, पुरुषांना पत्नी आणणे सोपे आणि स्त्रियांना पती आणणे कठीण, हा लिंगभेद आहे. यावर ब्रिटिश सरकारने काय केले? स्त्रियांवरील बंधने सैल करण्याऐवजी तीच बंधने पुरुषांनाही लागू केली. समता आणली, ती दोघांना सारखेच नाडून.

अन्यायाविरुद्ध दाद मागण्याची सोय असेल, तर नियम कठोर असूनही माणूस तग धरतो. येथे तीही काढून घेण्यात आली आहे. ब्रिटनमध्ये कुटुंबीयांच्या भेटीसाठीचा व्हिसा नाकारल्यास अपिलाचा हक्क होता. १९९३ च्या कायद्याने तो गेला, २००० मध्ये परत आला आणि २०१३ मध्ये पुन्हा गेला. सरकारे बदलली तसतसा हक्क येत-जात राहिला. म्हणजे तो हक्क नव्हताच, ती मेहेरबानी होती. अमेरिकेत तर परदेशातील व्हिसा अधिकाऱ्याच्या निर्णयात न्यायालये सहसा हात घालीत नाहीत. जून २०२४ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयापुढे एका अमेरिकन नागरिक स्त्रीचे प्रकरण होते. तिच्या साल्वादोरी पतीला निवासी व्हिसा नाकारण्यात आला होता, आणि नकाराचे खरे कारण तिला न्यायालयात गेल्यानंतरच कळले. न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी निर्णय दिला की, परदेशी पतीला देशात प्रवेश मिळावा असा कोणताही मूलभूत हक्क नागरिक पत्नीला नाही. लग्न करण्याचा हक्क आहे; लग्न झालेल्या माणसासोबत आपल्या देशात राहण्याचा हक्क नाही. पतीपत्नींची ही गत, तर ज्यांचे अजून लग्न झालेले नाही त्यांनी भेटीपुरता तरी न्याय कोणाकडे मागावा?

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. आपल्या देशात कोणी यावे हे ठरविण्याचा अधिकार राज्याला असावा की नसावा? मुदत संपल्यावरही परत न जाणारे पाहुणे असतात की नाही? असतात. दलालांनी जमविलेली खोटी लग्ने असतात की नाही? तीही असतात. चौकशीचा अधिकार राज्याला आहे, हे मान्यच केले पाहिजे. परंतु चौकशी वेगळी आणि गृहीतक वेगळे. काही जण नियम मोडतात म्हणून सर्वांना आधीच अपराधी ठरविणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी देणे होय. गंमत अशी की, ज्याच्याकडे पैसा आहे आणि चतुर दलाल आहे, त्याला कागद जुळविणे अवघड जात नाही. अडकतो तो साधा माणूस, ज्याच्याकडे खरे नाते आहे आणि कागद थोडे आहेत. शिवाय नकाराची भीती जितकी मोठी, तितकी एकदा मिळालेला प्रवेश न सोडण्याची ओढ मोठी. पुन्हा येता येईल ही खात्री असेल, तर माणूस वेळेवर परत जातो. दार पुन्हा उघडणार नाही असे वाटले, तर तो आतच राहण्याचा विचार करू लागतो. संशयाचा कायदा अशा रीतीने आपला संशय स्वतःच खरा करून घेतो.

दुसरी पद्धत शक्य आहे, याचा पुरावा त्याच देशांनी दिला आहे. युरोपीय संघाच्या २००४ च्या निर्देशानुसार, संघातील नागरिक आपला देश सोडून संघातील दुसऱ्या देशात राहात असेल, तर त्याच्या परदेशी पती वा पत्नीला प्रवेशाचा व्हिसा विनाशुल्क आणि त्वरेने द्यावा लागतो. तेथे नाते हा संशयाचा नव्हे, हक्काचा पाया आहे. २०२० च्या साथीत सीमा बंद झाल्या तेव्हा अविवाहित जोडप्यांनी 'प्रेम म्हणजे पर्यटन नव्हे' ही मोहीम चालविली. डेन्मार्कने प्रथम छायाचित्रे आणि पत्रव्यवहार यांचा पुरावा मागितला; टीका झाल्यावर दोघांनी सहीनिशी दिलेले प्रतिज्ञापत्र पुरेसे मानले. जर्मनीनेही त्याच उन्हाळ्यात अविवाहित जोडीदारांना दार उघडले. साथीच्या ऐन काळात जे जमले ते एरवी का जमू नये? अडचण व्यवस्थेची नाही, इच्छेची आहे.

मानवी हक्कांच्या १९४८ च्या जाहीरनाम्यात राष्ट्रीयत्वाचे बंधन न ठेवता विवाहाचा हक्क मान्य केला आहे, आणि आपला देश सोडण्याचा व परत येण्याचा हक्कही. दुसऱ्या देशात प्रवेशाबद्दल मात्र जाहीरनामा मौन पाळतो. या मौनाचा फायदा सर्वांनीच घेतला. स्टालिनच्या रशियाने १९४७ च्या फेब्रुवारीत फर्मान काढून सोविएत नागरिकांना परदेशी व्यक्तीशी लग्न करण्यास मनाई केली, आणि ज्यांची लग्ने आधीच झाली होती अशा स्त्रियांना पतीकडे जाऊ दिले नाही. १९४९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने याविरुद्ध ठराव केला, आणि तो योग्यच होता. समाजवादाच्या नावाने झालेला जुलूम समाजवाद्यांनी झाकू नये. पुढे १९७५ च्या हेलसिंकी करारात कुटुंबीयांच्या भेटी आणि निरनिराळ्या देशांच्या नागरिकांचे विवाह सुकर करण्याची हमी सर्व सह्या करणाऱ्यांनी दिली. पश्चिमेकडील राष्ट्रे तेव्हा मॉस्कोला या हमीची आठवण रोज करून देत असत. मॉस्कोची भिंत माणसाला बाहेर पडू देत नव्हती, पश्चिमेची भिंत आत येऊ देत नाही. भिंतीच्या दोन बाजूंना उभ्या असलेल्या जोडप्याला या फरकाचे काय कौतुक?

परंतु परदेशी वकिलातींवर टीका करून थांबणे हा अर्धाच प्रामाणिकपणा झाला. आपले घरही तपासले पाहिजे. भारतात १९४६ चा, म्हणजे ब्रिटिश अमदानीतला, परदेशी नागरिक कायदा २०२५ पर्यंत चालू होता. त्याची जागा घेणाऱ्या नव्या कायद्यातही आपण परदेशी नसल्याचे सिद्ध करण्याचा भार त्या व्यक्तीवरच ठेवला आहे. परदेशी माणसाला बाहेर काढण्याचा सरकारचा अधिकार अनिर्बंध आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५५ मध्येच म्हणून ठेवले. परदेश प्रवास हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, हे न्यायालयाने १९७८ च्या मनेका गांधी खटल्यात ठामपणे मांडले, पण तो हक्क बाहेर जाणाऱ्याचा. भारतीय नागरिकाला आपला परदेशी जोडीदार घरी बोलावता यावा, असा हक्क आपल्या कायद्यातही लिहिलेला नाही. समलिंगी जोडप्यांची स्थिती आणखी बिकट. २०१८ मध्ये त्यांचे नाते गुन्हा राहिले नाही, परंतु ऑक्टोबर २०२३ च्या निकालानंतरही त्यांच्या विवाहाला मान्यता नाही. त्यांच्या परदेशी जोडीदाराला, नाते कितीही जुने असो, पर्यटक म्हणूनच यावे लागते.

श्रीमंत देशांच्या नागरिकांना २०१४ पासून घरबसल्या पर्यटक व्हिसा मिळू लागला. शेजाऱ्यांचे काय? पाकिस्तानशी १९४८ च्या जुलैत परमिट पद्धत सुरू झाली, आणि १९५२ च्या ऑक्टोबरपासून पारपत्र व व्हिसा. कोकणातील मुस्लिम आणि गोव्यातील ख्रिस्ती कुटुंबांचे कराचीशी संबंध फाळणीच्या कितीतरी आधीचे. तेथील माणसाला इकडे यावयाचे, तर व्हिसा ठराविक गावांपुरता आणि बहुतेकांना पोलीस ठाण्यात हजेरी. २०१२ च्या कराराने गावांची संख्या तीनवरून पाचावर नेली, यालाच उदारता म्हणण्याची वेळ आली. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामला निरपराध पर्यटकांची निर्घृण हत्या झाली. खुनी आणि त्यांचे पाठीराखे यांना कठोर शासन झालेच पाहिजे, यात दुमत नाही. परंतु त्यानंतर व्हिसे सरसकट रद्द झाले, आणि अटारीच्या फाटकावर भारतीय पारपत्राच्या माता आणि पाकिस्तानी पारपत्राची त्यांची मुले यांच्या ताटातुटीच्या बातम्या आल्या. या स्त्रियांनी कोणता गुन्हा केला होता? विवाहाला दोन वर्षे झाल्यावर परदेशी पतीपत्नींना जे ओसीआय कार्ड मिळते, तेही पाकिस्तान वा बांगलादेशाच्या नागरिकांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना मिळत नाही. गोव्यात वेगळीच तऱ्हा. १९६१ पूर्वीच्या जन्माच्या आधारे पोर्तुगीज नागरिकत्व घेतले की भारतीय नागरिकत्व जाते, कारण आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही. पोटासाठी नवऱ्याने पारपत्र बदलले, की सासष्टीतल्या आपल्याच घरात तो परदेशी होतो.

भांडवल मात्र असे अडत नाही. भारत आणि ब्रिटन यांच्यात २४ जुलै २०२५ रोजी व्यापार करार झाला. स्कॉच व्हिस्कीवरील आयात शुल्क १५० टक्क्यांवरून आधी ७५ टक्क्यांवर आणि पुढे आणखी खाली आणण्याचे त्यात ठरले. बाटलीच्या प्रवासासाठी दोन्ही सरकारांनी वर्षानुवर्षे वाटाघाटी केल्या. माणसांच्या भेटीसाठी त्या का होऊ नयेत? डॉ. राममनोहर लोहिया विश्वनागरिकत्वाचे स्वप्न पाहात असत, आणि भारत-पाक महासंघाची कल्पना मांडत असताना १९६४ मध्ये त्यांनी विरोधी विचाराच्या दीनदयाळ उपाध्याय यांच्यासह संयुक्त निवेदन काढण्यासही संकोच केला नाही. ते स्वप्न दूरचे असेल. पण त्या दिशेची पहिली पावले अगदी व्यवहार्य आहेत.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. पहिली, नागरिकाने सहीनिशी आमंत्रण दिले असेल, तर नाते हे अर्जाच्या बाजूचे कारण मानावे आणि संशय असल्यास तो अधिकाऱ्याने कारणांसह मांडावा. दुसरी, निर्णयाला मुदत असावी, नकाराची कारणे लेखी मिळावीत आणि अधिकाऱ्याहून स्वतंत्र अशा यंत्रणेकडे अपील असावे. तिसरी, नकार दिल्यास शुल्क परत करावे आणि मालमत्तेला प्रामाणिकपणाचा एकमेव पुरावा मानू नये. चौथी, भारत सरकारने व्यापाराच्या वाटाघाटींत हा विषय आणावाच, परंतु आधी तोच न्याय आपल्या देशात लागू करावा, शेजारी देशांतील पतीपत्नींसह. जे आपण कराचीच्या सुनेला नाकारतो, ते लंडनकडे मागण्याचा नैतिक अधिकार आपल्याला राहात नाही.

तोवर कार्यकर्त्यांना करण्यासारखे काम आहे. अशी जोडपी मदतीसाठी पक्षाच्या कचेरीत येतात आणि आमदाराचे शिफारसपत्र मागतात. त्या पत्राचा वकिलातीत उपयोग नाही, हे त्यांना स्पष्टपणे सांगावे. उपयोग होतो तो नीट भरलेल्या अर्जाचा: नाते उघडपणे नमूद केलेले, प्रवासाच्या तारखा ठरलेल्या, खर्च कोण करणार हे लिहिलेले, यजमानाचे पत्र जोडलेले, परतीनंतरच्या नोकरीचा वा शिक्षणाचा दाखला सोबत. हमखास व्हिसा मिळवून देतो म्हणणाऱ्या दलालापासून त्यांना दूर ठेवावे, कारण त्याने जोडलेल्या एका खोट्या कागदाची शिक्षा त्याला नव्हे, अर्जदाराला होते. नकार आला तर तो निमूटपणे खिशात न घालता त्याची नोंद ठेवावी. नकार एकेकट्याने सोसला की ती त्या माणसाची नामुष्की ठरते. शंभर नकार एकत्र मांडले, तर ते सरकारांना विचारण्याजोगे प्रश्न होतात, आणि प्रश्न विचारणे हे चळवळीचे काम आहे.